दोन पिपाण्या

ताईला ताई म्हणणाऱ्यांची यादी करायला बसलं तर वही पुरायची नाही. धाकटी बहीण म्हणते, ते ठीकच आहे. पण आईही म्हणते. वडील होते तोवर तेही म्हणायचे. शेजारपाजारचे म्हणतात. ज्या दातांच्या डॉक्टरांसाठी ती कवळ्या बनवते ते झाडून सगळे म्हणतात आणि त्यांतला एक तर तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे. नवऱ्याने एकदा फोनवर कुणाला तरी ‘थांबा, ताईंना विचारून सांगतो’ म्हटलं, तेव्हा मात्र तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढे आठवडाभर तो कुणालाच काही विचारून सांगायला गेला नाही. तिचं कागदावरचं नाव आहे, चांगलं भारदस्त आहे, पण ते पासपोर्ट काढताना एकदा वापरलं तेवढंच. तेव्हा आपणही तिला ताईच म्हणू.

वय चोपन्न. कामाची जागा म्हणजे दवाखान्यांच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. तीन टेबलं, एक खिडकी, कोपऱ्यात पॉलिशची मोटर आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पिठी. डॉक्टर लोक माणसाच्या जबड्याचं माप घेऊन पाठवतात. ताई त्यात प्लास्टर ओतते, साचा काढते, साच्यावर मेणाची हिरडी चढवते आणि त्या मेणात एकेक दात बसवते. वर चौदा, खाली चौदा. सगळे दात ओळीत सरळ बसवले तर कवळी लांबूनही ओळखू येते, म्हणून एखादा जरासा तिरका, एखादा किंचित मागे असं बसवावं लागतं. मग माणूस हसला तरी शेजाऱ्याला शंका येत नाही. असल्या सज्जन फसवणुकीत ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कवळी तोंडात बसवली की डॉक्टर पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. एकसष्ट, बासष्ट म्हणताना शीळ वाजली की कवळी परत ताईकडे येते. ताई स्वतः मात्र दिवसभर शीळ घालतच काम करते. शेजारच्या टेबलावरची बाई गेली एकोणीस वर्षं ती ऐकतेय आणि रोज एकदा तरी म्हणते, “तुमची कवळी कुणी परत पाठवत नाही का हो?”

टेबलावर मेणाच्या दिव्यापासून हातभर लांब, पिठी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला ताईचा फोन असतो. त्या फोनात एक ग्रुप आहे. त्याचं नाव ‘घरातलं नाव’. अकरा माणसं, अकरा ठिकाणची, एकमेकांना कधी न भेटलेली. सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी इंटरनेटवर क्लॅरिनेटची एक जुनी धून टाकली होती. तिच्याखाली ही मंडळी ‘ही मूळची कुठली’ यावरून भांडत होती. भांडण इतकं रंगलं की धुनेचा निकाल लागला तरी भांडणाऱ्यांना घरी जावंसं वाटेना. मग त्यांनी आपला ग्रुप काढला.

तिथे दोन कामं चालतात. रोज सकाळी एकाने असा शब्द सांगायचा जो फक्त त्याच्या घरात चालतो, बाहेर कुणाला कळणार नाही. उशी नावाची एक नर्स आहे. तिच्या घरात साबणाच्या उरलेल्या चिपटीला ‘नातू’ म्हणतात. ‘नवा साबण काढू नका, नातू आहे अजून.’ मुंगळा म्हणून एक गणिताचे मास्तर आहेत. त्यांच्या घरी, निघतो निघतो म्हणून दारात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला ‘उंबरठे’ म्हणतात. ताईने एकदा सांगितलं की आमच्या कारखान्यात तयार होऊन फळीवर ठेवलेल्या कवळीला ‘हसरा’ म्हणतात. त्या दिवशी ग्रुपवर दुपारपर्यंत दुसरं काही चाललंच नाही. दुसरं काम शनिवारचं. त्याला ‘गुणगुणी’ म्हणतात. एकाने एखादी धून शब्दांशिवाय, तोंड मिटून गुणगुणून पाठवायची आणि बाकीच्यांनी ओळखायची. यात ताई पहिली. दहांपैकी नऊ धुना ती ओळखते आणि दहावीला म्हणते, गुणगुणणाऱ्याचं चुकलं.

आत यायचा नियम एकच. इथे कागदावरचं नाव चालत नाही, घरातलं लाडाचं किंवा चिडवायचं नाव लागतं. ते कसं पडलं याची गोष्ट आपल्या आवाजात सांगायची. सगळ्यांनी ऐकून ‘पास’ म्हटलं की माणूस आत. मग वय नाही, हुद्दा नाही, सगळे अरे-तुरे. हा नियम भोंग्याने केला. भोंगा म्हणजे बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले शहात्तर वर्षांचे गृहस्थ. लहानपणी त्यांना कुजबुजता येत नसे, म्हणून भोंगा. नियमाच्या बाबतीत माणूस कडक. एकदा एक जण ‘टायगर’ म्हणून आला, फार रंगवून गोष्ट सांगितली, पास झाला, महिनाभर रमला. मग त्याच्याच तोंडून निघून गेलं की ते नाव त्याने स्वतःच स्वतःला कॉलेजात ठेवलं होतं. भोंग्याने त्याला दहा मिनिटांत बाहेर काढलं. “स्वतःच लावली ती पाटी,” भोंगा म्हणाला, “नाव लोकांनी ठेवायचं असतं.”

ताई आली तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, तिलाही विचारलं. तिने आठवून आठवून पाहिलं. ताई. त्याच्या आधी? ताईच. तेवढ्यात मुंगळ्याने बजावलं, “ताई, दादा, अक्का हे चालणार नाहीत हं, ते हुद्दे झाले.” ताईच्या एका हातात मेणाची सुरी, दुसऱ्या हातात फोन. नाव नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. ती म्हणाली नाही. तिने धाकटीचं नाव सांगितलं.

धाकटीचं घरातलं नाव पिपाणी. गोष्टही तिचीच. धाकटी जन्मली आणि रडायला लागली तो एकच स्वर लावून, आणि तो इतका वर, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर द्यायचा. वडील रेल्वेत गार्ड होते. ते म्हणाले, “एवढी तर माझी शिट्टीसुद्धा चढत नाही. ही पोर नाही, पिपाणी आहे.” ताईने हे सगळं सांगितलं, वडिलांची नक्कल केली, कुत्र्याचीही केली. फक्त ‘धाकटी’च्या जागी ‘मी’ घातलं. एवढासा बदल. दहाच्या दहा जणांनी पास म्हटलं आणि उशीने तर दोनदा म्हटलं.

त्या दिवसापासून ताई तिथे पिपाणी झाली. पाप केल्यासारखं वाटलं पहिले चार दिवस, नाही असं नाही. पण मग सकाळी कुणीतरी लिहायचं, ‘पिपाणी, जेवलीस का गं?’ ताईला असं कुणी विचारत नाही. ताईला विचारतात, जेवायला काय केलंस. ‘पिपाणी, आज शीळ नाही? रुसलीस का?’ ‘पिपाणे, गप्प बस.’ हे वाचताना चोपन्न वर्षांची बाई, नाकाला प्लास्टर लागलेलं, एकटीच हसायची. घरच्या कुणाला याचा पत्ता नव्हता. धाकटीचा उल्लेख ग्रुपवर ती करायची तो ‘आमची धाकटी’ म्हणून. शाळेत गाणं शिकवते, गळा असा आहे, तसा आहे. कौतुकात कसर ठेवली नाही. चोरी करावी तर अशी मोकळ्या हाताने.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण यंदा धाकटीचा आवाज बसला.

शाळेत दिवसाला सहा तास पोरांच्या वर गाऊन गाऊन तिच्या स्वरतंतूवर गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, छान झाली. दोन आठवडे ती पाटीवर लिहून बोलली. मग हळू आवाजात बोलायची परवानगी मिळाली. गाणं मात्र तीन महिने बंद. डॉक्टर म्हणाले, “तोंड मिटून हलकं गुणगुणायला हरकत नाही, उलट चांगलंच.” पण धाकटी गुणगुणेना. तिच्या मनात भीतीच बसली होती. गुणगुणायला जावं आणि आतून नेहमीचा आवाज नाहीच आला तर काय, ही ती भीती. आई आणि ती एकत्र राहतात, तिसऱ्या मजल्यावर. जिथे सकाळी सहाला तंबोऱ्याच्या पेटीने दिवस उजाडायचा, तिथे आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

ताई एका शनिवारी भेटायला गेली होती. बसल्या बसल्या फोन वाजला आणि तिला हसू फुटलं. भोंग्याने गुणगुणी पाठवली होती. भोंग्याचं गुणगुणणं म्हणजे बंदरात जहाज शिरल्यासारखं. धाकटीने हात पुढे करून फोन घेतला, कानाला लावला आणि कित्येक दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली.

“हे कोण लोक?” ती त्या नव्या, हळू आवाजात म्हणाली. “ताई, मला घे ना यात.”

ताईने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“जागा नाही,” ती म्हणाली.

“जागा नाही? बस आहे का ती?”

“तसं नाही. परीक्षा असते आत यायला.”

“मग घेऊ दे की परीक्षा.”

“अगं, सगळी म्हातारी माणसं आहेत.”

“आणि मी काय कोवळी आहे? पन्नासची झाले मी.”

ताईने मग आपल्याला उशीर झाल्याचं सांगितलं आणि चपला घालून निघाली. खरं तर कुठेच उशीर झालेला नव्हता. ती कोपऱ्यावरच्या बागेत अर्धा तास बाकावर बसून राहिली. आत घ्यायचं तर धाकटी पहिल्याच निरोपात सांगणार, मी पिपाणी, वडील गार्ड, खालचा कुत्रा. म्हणजे ताईचं बिंग तिथेच फुटणार आणि भोंगा तिला टायगरच्या वाटेने लावणार. आत नाही घ्यायचं तर धाकटी त्या घड्याळासमोर बसून राहणार. ज्या एका गोष्टीने तिला बरं वाटलं असतं ती ताईच्या हातात होती, आणि ताई ती दाबून बसली होती.

तिकडे ग्रुपनेही दुसऱ्या बाजूने रेटा लावला. भोंग्याने लिहिलं, ‘पिपाणी, तुझी ती गाणारी धाकटी आहे ना, तिला आण की. एक तरी खरा गळा येऊ दे गुणगुणीला.’ ताईने लिहिलं, ‘तिचा गळा बरा नाही सध्या.’ झालं. उशी पडली नर्स. तिने लगेच आवाज पाठवला, “मग तर आणच तिला! आमच्या वॉर्डात अशा पेशंटना मुद्दाम गुणगुणायला लावतात. एकटी करणार नाही ती. दहा जणांत करेल.” ताईने यावर एक अंगठा पाठवला. एवढा निरुत्साही अंगठा त्या ग्रुपवर कधी आला नव्हता.

मन थाऱ्यावर नसलं की हात बोलतो. त्या आठवड्यात ताईने एका आजोबांच्या वरच्या कवळीत समोरच्या मोठ्या दातांशेजारचे दोन छोटे दात अदलाबदल करून बसवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. कवळी अजून मेणातच होती, म्हणून निभावलं, पण डॉक्टरांचा फोन आलाच.

“ताई, आजोबा आरशात बघून काय म्हणाले माहितेय? म्हणाले, दात झकास आहेत, पण हे माझे नव्हेत, दुसऱ्या कुणाचे तरी उचलून आणलेत.”

डॉक्टर खो खो हसले. ताईला हसता आलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, “बरं नाही का? आज शीळ पण नाही तुमची.”

आणि त्याच दुपारी आईचा फोन. आई फोनवर नेहमी तब्येतीपासून सुरुवात करते. त्या दिवशी तिने एकदम सांगितलं, “ताई, काल दिवसभरात ती सात वाक्यं बोलली. मी मोजली. त्यातली दोन दूधवाल्याशी.” मग जरा थांबून म्हणाली, “मला भीती वाटते गं.”

ताईने फोन ठेवला. ग्रुप उघडला आणि ‘मंडळी, मी निघते’ असं लिहिलं. आपणच बाहेर पडावं, जागा मोकळी करावी, मागून धाकटी आत जाईल. मग तिच्या लक्षात आलं की धाकटी आत जाऊन तीच गोष्ट सांगेल आणि मागे उरलेले सगळे म्हणतील, ही तर ऐकलेली आहे. चोर पळाला तरी माल ओळखू येणारच. तिने लिहिलेलं पुसलं, अदलाबदल झालेले दात मेणातून काढले आणि ज्याचा दात त्याच्या जागी बसवला. रविवारी सकाळी जाऊन आधी धाकटीला सांगायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी आई जेवणाच्या टेबलावर मटारच्या शेंगा घेऊन बसली होती. धाकटी समोर. ताईही बसली, एक शेंग हातात घेतली आणि ती सोलायच्या आधीच बोलून मोकळी झाली. सहा वर्षांचं सगळं. एकही दाणा हातचा राखला नाही.

धाकटी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ताईला वाटलं, आता ही उठून जाईल.

“म्हणजे,” धाकटी शेवटी म्हणाली, “माझं नाव घेतलंस.”

“हो.”

“कुत्रा पण?”

“कुत्रा पण.”

“बाबांची नक्कल करून?”

ताईने मान हलवली. धाकटीने ओठ घट्ट दाबले, डोळे मिटले, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. जोरात हसायला डॉक्टरांनी बंदी केली होती, म्हणून ती आवाज न करता हसत होती. हसता हसता तिने टेबलावरचे मटार ताईच्या अंगावर फेकले.

“चोरटी! अगं, मला ते नाव कधी आवडलं नाही. शाळेत मला त्यावरून किती चिडवायचे माहितेय? आणि तू ते पळवून नेऊन मिरवतेस?” मग हसू ओसरल्यावर तिने विचारलं, “पण का गं?”

“का म्हणजे?” ताई म्हणाली. इतकी वर्षं स्वतःलासुद्धा न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. “मला कुणी लाडाने काही म्हटलंच नाही. तुला पिपाणी म्हणताना बाबांचा चेहरा कसा व्हायचा, मी बघायचे ना. मला ताई म्हणताना तो तसा नाही व्हायचा. ताई म्हटलं की पुढे काम यायचं. मला हेवा वाटायचा गं तुझा. अजून वाटतो. झालं समाधान?”

धाकटी उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि ताईच्या केसांत अडकलेला मटार काढला.

“सांग त्यांना,” ती म्हणाली. “आत्ता. माझ्यासमोर.”

ताईने फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज पाठवला. “मंडळी, मी पिपाणी नाही. खरी पिपाणी माझ्या शेजारी बसली आहे. नाव तिचं, गोष्ट तिची, कुत्रापण तिचाच. मी नुसती ताई. टायगरला काढलं तसं मला काढा, पण हिला घ्या. हिला तुमची गरज आहे.” शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला, तो तसाच गेला.

पहिलं उत्तर मुंगळ्याचं आलं. ‘म्हणजे सहा वर्षं आपण चुकीच्या पिपाणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या?’ मग उशीचा आवाज, नुसता हसण्याचा, आणि मागून कुणीतरी वॉर्डातलं तिला दटावतंय. भोंगा मात्र गप्प. पाच मिनिटं गेली, सात गेली. ताईने तेवढ्यात एवढे मटार सोलले की आईला भांडं बदलावं लागलं.

मग भोंगा आला. धाकटीने फोनचा आवाज वाढवला.

“नियम तो नियम,” भोंगा गरजला. “नाव ज्याचं त्याला परत. खऱ्या पिपाणीने एक धून गुणगुणावी, की ती आत. आता खोटीला काढायचं का, यावर मतं घ्यायला हवीत. पण मी घेणार नाही, कारण मी हरेन. तेव्हा तिने पुढच्या शनिवारपर्यंत स्वतःचं नाव शोधून आणावं. तोवर ती बिननावाची.”

ताईच्या जिवात जीव आला. धाकटीच्या हातात फोन होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. “नाही जमलं तर?” ती म्हणाली.

“नाही जमलं तर भोंग्यापेक्षा बरंच असेल,” ताई म्हणाली. “तू ऐकलंयस त्याला.”

धाकटीने तोंड मिटलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला स्वर धुळीतून चालत आल्यासारखा आला, खरखरीत. दुसरा बरा. तिसऱ्यावर ती जरा थांबली आणि मग धून आपोआप पुढे सरकली, साधी, कुठलीतरी लहानपणची. पूर्वीचा आवाज नव्हता तो. पण धाकटीचा होता. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. धून संपली तेव्हा धाकटीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. तिने ते पुसलं नाही, आधी निरोप पाठवला.

फोन टुणटुण वाजायला लागला. धाकटी वाचून दाखवायला लागली आणि त्या पाच मिनिटांत ती सातापेक्षा पुष्कळ जास्त वाक्यं बोलली. मुंगळ्याशी तर तिने लगेच वादही घातला.

“बिननावाची कोण?” आईने मध्येच विचारलं.

“ही,” धाकटी म्हणाली. “ताई. हिला घरातलं नाव नाही ना.”

“नाही कसं?” आई म्हणाली. “होतं की.”



“मला?” ताई म्हणाली.

“तुला. चार वर्षं होतं. तुला बसतासुद्धा धड येत नव्हतं, तेव्हापासून. कुणी काही गायलं, गुणगुणलं, अगदी शेजारणीचं शिवणयंत्र चाललं तरी तू अशी,” आईने खांदे डावीकडून उजवीकडे हलवून दाखवले, “तोल जाऊन पडायचीस, परत उठून तेच. त्यावरून तुझ्या बाबांनीच नाव ठेवलं. दिवसातून शंभरदा म्हणायचे.”

“मग? पुढे?”

“पुढे काय, ही झाली.” आईने धाकटीकडे बोट केलं. “हिला घेऊन मी दवाखान्यातून घरी आले, तर तू दारात उभी. हात मागे बांधून. म्हणालीस, आता मला तसं नाही म्हणायचं. मी ताई आहे. बाबा हसले, तर तू पाय आपटलास. एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, तर तू संध्याकाळपर्यंत जेवली नाहीस. आम्हाला दोघांना समोर बसवून वचन घेतलंस. चार वर्षांची पोर तू! मग आम्ही ताई म्हणायला लागलो.” आईने एक शेंग उचलली, सोलली नाही. “तू झोपलीस की ते म्हणायचे, हळूच. बरीच वर्षं म्हणायचे. मीपण. मग तू मोठी झालीस.”

ताईला यातलं काही आठवत नव्हतं. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

“काय होतं ते?” धाकटीला दम निघेना. “आई, सांग ना काय होतं!”

“मी वचन दिलंय,” आई म्हणाली. “तिने हो म्हटल्याशिवाय नाही.” मग ती ताईकडे वळली. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण विचारताना एखाद्या पोरीसारखी बिचकली.

“म्हणू का आता?”

ताईने मान हलवली, आणि आईला दिसलं नसेल असं वाटून मोठ्याने म्हणाली, “म्हण.”

आईने घसा साफ केला.

“डुलू,” ती म्हणाली. “तू बस, बाळा. चहा पिपाणी टाकेल.”